एकास साडेतेरा

गायधनी सरांनी मला 'रोहिणी' म्हटलं की समजायचं, काम निघालं. एरवी अकरा वर्षं मी त्यांच्यासाठी 'गांगुर्डे मॅडम' होते. कॉलेजच्या पगारपत्रकावर तर तेवढीही नव्हते, कारण आम्हा तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं नाव पगारपत्रकावर नसतं. आमचं बिल असतं. जेवढे तास शिकवाल तेवढ्याचं, आणि तेही मंजूर होऊन चार-पाच महिन्यांनी हातात पडणारं. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षांचे दिवस, सगळं बिनपगारी. माझे वडील भिमाजी गांगुर्डे सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होताना त्यांना जो पगार होता, तो पीएच.डी. झालेल्या त्यांच्या मुलीला अजून मिळालेला नाही.

डॉ. ढुंढिराज गायधनी आमच्या अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख. त्यांचा विषय उत्पन्नातली विषमता. महिना सव्वादोन लाख रुपये घेऊन ते गरिबीबद्दल इतकं कळवळून बोलत की पहिल्या बाकावरच्या मुलींचे डोळे भरून यायचे. एकदा ते नॉर्वेला दहा दिवस जाऊन आले होते. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य नॉर्वेतून निघायचं आणि फिरून नॉर्वेतच पोचायचं. नॉर्वेत सफाई कामगार आणि प्राध्यापक एकाच बसमध्ये बसतात, हे ते वर्गात सांगायचे. खाली त्यांची गाडी सावलीत लावायला शिपाई उभा असायचा.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"रोहिणी, राष्ट्रीय चर्चासत्र आपल्याला मिळालंय. नोव्हेंबरच्या शेवटी, दिंडोरीजवळच्या रिसॉर्टवर. विषय आहे, वेगवेगळ्या अर्थव्यवस्थांमधली उत्पन्न विषमता. बीजभाषण माझं. समाजवादी देश, भांडवली देश, कल्याणकारी देश, सगळी तुलना करायची. पण मला त्यात आपल्या मातीतलं एक उदाहरण हवं."

"कसलं सर?"

"पेठ तालुक्यातून द्राक्षबागांत मजुरांच्या टोळ्या येतात ना? त्यात एक टोळी म्हणे मिळेल ते सगळ्यांत सारखं वाटून घेते. आणि बाकीच्या मुकादमाच्या. म्हणजे बघ, एका बाजूला छोटा समाजवाद, दुसऱ्या बाजूला छोटी भांडवलशाही. तू सर्व्हे कर. भाषणही तूच लिहायला घे. माझ्याकडे वेळ कुठे आहे?"

"सर, माझं नाव..."

"आभारात येईलच की. आणि पूर्णवेळ जागा निघणारे पुढच्या वर्षी. तेव्हा बघूच आपण."

ती जागा मी रुजू झाले तेव्हापासून पुढच्याच वर्षी निघत होती. तरी मी 'हो' म्हटलं. लोक मला विचारतात, का म्हटलंस? त्यांना मी काय सांगू? माणूस अकरा वर्षं एखाद्या दारापुढं उभा राहिला की बाराव्या वर्षी निघून जाणं त्याला जास्त महाग वाटतं. अर्थशास्त्रात या मूर्खपणाला नाव आहे, बुडीत खर्चाचा मोह. मी तो धडा दर वर्षी शिकवायचे.

आठवडाभर मी स्वतःच्या खर्चानं एसटीनं दिंडोरीला जात होते. छाटणी चालू होती. छाटलेल्या काडीवर डोळा फुटावा म्हणून लगोलग औषध लावत जायचं, ते काम बायकांचं. रबरी मोजे चढवून त्या ओळीनं पुढं सरकत असत. सगळं काम एकराच्या उक्त्या दरानं.

मुकादमाच्या टोळीचा मुकादम गोटीराम. पन्नाशीचा, पांढरा सदरा, खिशात दोन फोन. अठरा माणसं त्याच्या हाताखाली. बागाईतदाराकडून सगळे पैसे तो घ्यायचा आणि माणशी वाटायचा. बायकांना दिवसाला चारशेवीस पडत, पुरुषांना साडेपाचशे. स्वतः गोटीरामला सतराशेच्या आसपास. म्हणजे खालच्या बाईच्या चौपट. मी हे त्याला तोंडावर वाचून दाखवलं, तर तो लाजला वगैरे नाही.

"बरुबर हाय मॅडम. काम मी आणतो, गाडी माझी, आजारी पडलं तर दवाखान्यात मी नेतो. सकाळी सहाला बागेत मी उभा राहतो. चौपट जास्त वाटतं का तुमाला?"

दुसरी टोळी शकुबाईची. चौदा जण, त्यात नऊ बाया. शकुबाई पंचेचाळिशीची, काटक, बोलताना समोरच्याकडे न बघता काडीकडे बघणारी. तिच्या टोळीत खरोखरच सारखा वाटा होता. जोरात कात्री चालवणारा नवनाथ आणि पोरं सांभाळून भाकरी थापणारी म्हातारी रंगूबाई, दोघांच्या हातावर सारखेच पैसे. शकुबाईलाही तेवढेच. किती, तर तीनशेऐंशी.

मी हिशोब तीनदा केला. सारखा वाटा घेणाऱ्या टोळीतल्या प्रत्येकाला गोटीरामच्या सगळ्यात खालच्या बाईपेक्षा चाळीस रुपये कमी पडत होते. कारण उघड होतं. गोटीराम मोठमोठ्या बागा धरायचा, दर ताणून घ्यायचा. शकुबाईकडे उरलेसुरले तुकडे यायचे आणि चौदातल्या दोघी-तिघी तर बागेत कामाला नसायच्याच.

"मग मावशी, तुम्ही गोटीरामकडे का जात नाही?" मी विचारलं.

"गेलते की दोन वर्सं. माझ्या सुनेचे दिवस भरले तवा तिला त्यानं घरी धाडली. बरुबरच हाय त्याचं, तो काय धरमशाळा चालवतो? पन मंग मी म्हनलं, आपलं आपन करावं. हितं मला कोन काढनार?"

"आणि सारखा वाटा का? समता म्हणून?"

शकुबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पायाला चिखल लागावा तसं काहीतरी तिला त्या शब्दात लागलं असावं.

"समता कसली, बाई. कोनी किती वेल छाटले ते रोज मोजत बसलं तर रोज भांडान. आमच्यात हिशोब करनारं कोन नाय. सारखं वाटलं की झोप लागती. त्यो नवनाथ हाय ना, त्याला आत्ताच वाटाया लागलंय का आपन जास्त काम करतो. दिवाळीनंतर जाईल त्यो गोटीरामकडं. जाऊ दे. दुसरा येईल."

मला ती बाई आवडली. मी सगळं जसंच्या तसं लिहून सरांपुढे ठेवलं. सरांनी फक्त शेवटचा तक्ता आणि त्याखालची टीप पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे उलटं आलंय."

"आलंय ते असं आहे, सर. विषमता कमी आहे, पण मिळकतही कमी आहे. तेच तर बोलण्यासारखं आहे."

"अगं, हॉलमध्ये तीनशे लोक असतील. समतेत पोट भरलं पाहिजे, नाहीतर भाषणाला अर्थ काय? गोटीरामच्या बायकांना तीनशेवीस कर आणि या बाईच्या टोळीला साडेचारशे. ती सुटून जाणाऱ्या पोराची भानगड काढून टाक. आकडे आपल्यासाठी असतात, रोहिणी, आपण आकड्यांसाठी नसतो."

मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं की मी हे करणार नाही. मी म्हटलं, "बघते सर." आणि बाहेर आले. जिन्यात थांबून मला माझीच शिसारी आली. ज्या बाईच्या मिळकतीचा आकडा मी खोटा करणार होते, ती तरी स्वतःचं मत समोरच्याला सांगत होती.

आकडे मी बदलले नाहीत. घरी बसून भाषणाच्या स्लाइड केल्या. त्यात देशांची तुलना होती. गिनी गुणांक काय ते एका ओळीत दिलं होतं: शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, एक म्हणजे सगळं एकालाच. पुढे दोन टोळ्यांचे खरे आकडे. आणि त्यापुढे मी एक स्लाइड जोडली, जी कुणी मागितली नव्हती. तिला शीर्षक दिलं, 'तिसरी व्यवस्था'. खाली लिहिलं: शहरातली एक अनुदानित शिक्षणसंस्था. एकच इमारत, एकच अभ्यासक्रम, एकच फळा. सर्वांत वरच्या शिक्षकाची वर्षाची मिळकत सत्तावीस लाख, सर्वांत खालच्या शिक्षकाची दोन लाख. आठवड्याचे तास, वरच्याचे सहा, खालच्याचे नऊ. प्रमाण, एकास साडेतेरा.

हे धाडस नव्हतं. मला पक्कं माहीत होतं की सर भाषण आधी वाचत नाहीत. मागच्या अकरा वर्षांत मी लिहिलेल्या भाषणाचं एकही पान त्यांनी व्यासपीठावर चढण्याआधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर येईल ते आपल्या खर्जातल्या आवाजात असं वाचायचे की लोकांना वाटावं, माणूस रात्र रात्र जागलाय. मी फक्त त्यांच्या आळसावर भरवसा ठेवला. तोंडावर बोलायची हिंमत नसलेल्या माणसाचा सूड असाच असतो, मागच्या दारानं येणारा.

चर्चासत्राचा दिवस उजाडला. रिसॉर्टच्या काचेच्या हॉलमधून चहूकडे द्राक्षबागा दिसत होत्या. विषमतेवर बोलायला आलेल्यांसाठी जेवणात चार गोड पदार्थ होते. सरांच्या आग्रहावरून शकुबाईलाही बोलावलं होतं. सुरुवातीलाच तिला व्यासपीठावर उभं करून शाल आणि नारळ दिला, फोटो काढले, आणि मग तिला कुठं बसवायचं हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी ती मागच्या रांगेत माझ्याशेजारी येऊन बसली. शाल तिनं घडी करून पिशवीत घातली.

अध्यक्ष एक निवृत्त कुलगुरू होते. सर उभे राहिले. नॉर्वे झालं, रशिया झाला, चीन झाला. मग टोळ्यांची स्लाइड आली आणि त्यांनी खरे आकडे खड्या आवाजात वाचले. आपण हे बदलायला सांगितलं होतं हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग 'तिसरी व्यवस्था' आली. एकच इमारत, एकच अभ्यासक्रम, एकच फळा, हे तर त्यांनी फार सुंदर म्हटलं. सत्तावीस लाख म्हणताना आवाज किंचित अडखळला. एकास साडेतेरा म्हणून ते थांबले.

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. आमच्या कॉलेजची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली.

शकुबाई माझ्या कानाशी वाकली. "ते साडेतेरा पट कोन?"

"तेच. बोलतायत ते."

"आन् खालचं एक?"

"मी."

ती सरांकडे बघत म्हणाली, "गोटीराम बरा म्हनायचा मंग. चौपटच घेतो. आन् सहाला बागेत तरी असतो."

मी सरांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होते. हा क्षण मी महिनाभर मनात घोळवला होता. ते गडबडतील, घाम पुसतील, पुढची स्लाइड मागतील, असं मला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. तीन-चार सेकंद गेले असतील. मग त्यांनी चष्मा काढला, हात टेबलावर टेकवले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "होय. हे माझंच महाविद्यालय आहे. आणि तो वरचा शिक्षक मीच आहे. कुणीतरी हे बोलायला हवं होतं."

आधी अध्यक्षांनी टाळी वाजवली. मग सगळा हॉल. काही लोक तर उभे राहिले. अध्यक्षीय भाषणात कुलगुरू म्हणाले की आत्मपरीक्षणाचं असं धाडस त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नाही. सरांनी मान खाली घालून ते स्वीकारलं. आभारात माझं नाव राहून गेलं.

मला राग यायला हवा होता. पण मला त्या माणसाचं जवळजवळ कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाची पुन्हा किळस आली. काही माणसं पाण्यात पडली तरी ओली होत नाहीत. आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या तीनशे लोकांत निदान चाळीस जण माझ्यासारखेच बिलावर जगणारे होते. त्यांनीही वाजवल्या. जोरात वाजवल्या.

जेवणं झाल्यावर शकुबाई आयोजकांच्या टेबलाशी गेली. मीही मागं गेले.

"आज माझा रोज बुडला. तीनशेऐंशी," तिनं सांगितलं.

टेबलावरच्या तरुण प्राध्यापकानं कागद चाळले. "मावशी, सत्कारमूर्तींना मानधनाची तरतूद नाहीये. शाल-श्रीफळ दिलं ना तुम्हाला?"

"शाल मी मागितली नव्हती. बोलवाया आलेला मानूस रोज देऊ म्हनला होता."

"बघतो, विचारतो सरांना."

ती वाट बघत बसली नाही. सरळ बाहेर गेली आणि सरांच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली. ओरडली नाही, हात जोडले नाहीत. नुसती उभी. सर दोन पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा ती म्हणाली, "सायेब, माझा आजचा रोज द्या. मग जावा."

सर हसले. पाहुण्यांना म्हणाले, "पाहा, हीच ती जागृती." पण ती बाजूला होईना. पाहुणे घड्याळ बघायला लागले. शेवटी सरांनी पाकीट काढून पाचशेची नोट दिली आणि उदारपणे म्हणाले, "राहू द्या वरचे."

शकुबाईनं कनवटीतून सुटे काढले, एकशेवीस रुपये मोजून त्यांच्या हातावर ठेवले आणि बाजूला झाली. सर ते पैसे मुठीत धरून थोडे उभेच राहिले.

बस थांब्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. तिच्या लेखी गाडीपुढच्या प्रसंगात बोलण्यासारखं काही नव्हतं, बुडालेला रोज मागितला एवढंच. मी मात्र अकरा वर्षं किती वेळा 'बघते सर' म्हटलं, ते आठवत होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, 'आपल्याच पगारावर बोट ठेवणारा प्राध्यापक'. आठवड्यात सरांना कोल्हापूरचं आमंत्रण आलं, मग नागपूरचं, मग अमरावतीचं. सगळ्यांना तेच भाषण हवं होतं, ती शेवटची स्लाइड धरून. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्लाइड कुणी आणि का घातली, हे त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, तोवर ती आपलीच कल्पना होती याची त्यांना खात्री पटली होती.

"रोहिणी, कोल्हापूरसाठी जरा वाढवून दे. इतर कॉलेजांचेही आकडे घाल. शनिवारपर्यंत."

"तासाला किती देणार, सर?"

त्यांना ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. मी पुन्हा विचारलं.

"अगं, कसला तास? हे संशोधन आहे."

"संशोधनच. मला वीस तास लागतील. स्लाइडवरच्या आकड्यांवरून तुमचा तासाचा दर मी काढलाय. मला त्याच्या निम्मा चालेल. आणि लेखक म्हणून नाव हवं. आधी ठरवू, मग बसते."

सरांनी चष्मा काढला. कोल्हापूरला वापरायला ठेवलेला तो खालचा आवाज माझ्यावर वापरून पाहिला. "मी या व्यवस्थेविरुद्ध तुमच्यासाठीच लढतोय. आणि तू माझ्याकडे पैसे मागतेस? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, गांगुर्डे मॅडम."

मी बाहेर आले. या वेळी जिन्यात थांबले नाही.

जूनमध्ये माझे तास आले नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही. तासिकेवरच्या माणसाला काढावं लागत नाही, बोलावलं नाही की झालं. अकरा वर्षांच्या नोकरीचा शेवट एका न आलेल्या फोननं झाला. मी आता शहरातल्याच कॅनडा कॉर्नर चौकाजवळ स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासमध्ये शिकवते. क्लासचा मालक मयुरेश तिशीचा आहे, अर्थशास्त्रातलं त्याला ओ की ठो कळत नाही आणि मुलांच्या बापांकडून तो भरमसाट पैसे घेतो. पण समतेबद्दल तो कधी बोलत नाही आणि शनिवारी माझे पैसे देतो. मला त्याच्याबद्दलही आदर नाही. फक्त त्याची किळस येत नाही, एवढं पुरे.

माझ्या जागी सरांनी वल्लरी नावाच्या मुलीला घेतलंय. माझीच विद्यार्थिनी, हुशार, वर्गात सगळ्यात आधी गणित सोडवणारी. गेल्या महिन्यात न राहवून मी तिला फोन केला.

"वल्लरी, एक सांगते. सरांना काही लिहून देऊ नकोस. दिलंस तर आधी पैसे ठरव, नाव ठरव."

"मॅडम, मी तर मागच्याच आठवड्यात दिलं."

"काय?"

"पुस्तकाची तीन प्रकरणं. कंत्राटी शिक्षकांचं शोषण. आता या विषयावर सगळे सरांनाच बोलावतात ना."

मी तिला बोल लावला नाही. ती पंचवीस वर्षांची आहे, आणि त्या वयात मी तिच्यापेक्षा शहाणी नव्हते. मी तिला मयुरेशच्या क्लासचा नंबर सांगितला, लिहून घे म्हटलं, जागा आहे, दर आधी बोलून घे. नंबरचे शेवटचे आकडे सांगत असताना पलीकडून तासाची घंटा ऐकू आली.

"मॅडम, वर्ग आहे, ठेवते," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. तिनं पुरा नंबर घेतला की नाही, मला कळलं नाही.